एका अंशाला एक श्रुती

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात मे महिन्याची दुपार ४० अंशांच्या घरात जाते आणि पौषातली पहाट १०-१२ अंशांवर उतरते. ऊस हे सोसतो, ज्वारीही सोसते. पिकांनी असा ताण कसा सोसावा याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थाच बारामतीजवळ माळेगावला आहे. ॲनालॉग सिंथेसायझरच्या पोटातल्या ऑसिलेटरला मात्र हा ताण मुळीच सोसत नाही.

ऑसिलेटर म्हणजे वाद्याचा गळा. सूर तिथेच जन्मतो. उष्णतेने सप्तकाचं माप बदलतं, त्याच्या भरपाईची सोय न करता तो उघडा ठेवला, तर पारा एका अंशाने चढल्यावर मूळ पट्टीपासून पाच सप्तकं वरचा स्वर साधारण २० सेंटनी उतरतो. एका सप्तकाचे १२०० सेंट, म्हणजे हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट. आता २२ श्रुतींमधलं सर्वांत लहान अंतर बघा. ती प्रमाणश्रुती ८१ भागिले ८० या गुणोत्तराची, म्हणजे २१.५ सेंटची. भरतमुनींपासून ज्या बारीक अंतरावर वाद चालले, जवळपास तेवढंच अंतर हा ऑसिलेटर एका अंशात खाऊन टाकतो.

हे असं का होतं आणि जगभरच्या वाद्यकारांनी त्यावर काय काय शक्कल लढवली, त्याची ही चटकदार सफर.

१८ मिलिव्होल्टची किमया

१९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सोबतीने व्होल्टवर चालणारा सिंथेसायझर उभा केला. त्यातून रूढ झालेला नियम आजही चालतो : एक व्होल्ट वाढवा, सूर एक सप्तक चढतो. सप्तकाचे बारा भाग केले की एका पट्टीला ८३.३ मिलिव्होल्ट येतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण कानाचा हिशेब गुणाकाराचा आहे. मध्य सप्तकातला सा २४० हर्ट्झचा असेल तर तार सप्तकातला ४८० आणि अतितारातला ९६०. व्होल्ट मात्र बेरजेने वाढतात : एक, दोन, तीन. बेरजेचा गुणाकार करणारी वस्तू हवी, आणि ती निसर्गाने ट्रान्झिस्टरमध्ये आयती घालून ठेवली आहे. साधारण २७ अंश तापमानाला ट्रान्झिस्टरच्या बेसवर १८ मिलिव्होल्ट जास्त द्या, त्यातून वाहणारा प्रवाह बरोबर दुप्पट होतो. आणखी १८ द्या, चौपट. मनुष्याला ऐकू येणारा सारा पल्ला, २० ते २०,००० हर्ट्झ, जेमतेम दहा सप्तकांचा. दहा वेळा दुप्पट म्हणजे १०२४ पट. अगदी स्वस्त अशा त्या सुट्या भागाकडून हजारपट पल्ल्याचं अचूक काम निघतं, ही मला तरी इलेक्ट्रॉनिक्समधली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

खोट उष्णतेची. हे १८ मिलिव्होल्ट तापमानाच्या प्रमाणात बदलतात. १० अंशाला ते १६.९ असतात, ४० अंशाला १८.७. पौषातल्या पहाटे सप्तक बिनचूक लावलं आणि मे महिन्याच्या दुपारी त्याच खुणेवर वाजवलं, तर ते ११५ सेंटनी आखूड निघेल. म्हणजे तार षड्ज वाजवायला जावं आणि हाती शुद्ध निषाद यावा!

गावच्या जत्रेतल्या कार्यक्रमाचाच हिशेब मांडा. दुपारी मंडपात वाद्यं लावताना ३८ अंश, मध्यरात्री रंग भरतो तेव्हा २४. फरक १४ अंशांचा. सप्तकाच्या मापाची भरपाई नसलेला ऑसिलेटर मूळ पट्टीपासून तीन सप्तकं वरच्या स्वराला तोवर दीड पट्टीहून जास्त चढलेला असेल. गार होताना सप्तकं ताणली जातात, तापताना आक्रसतात. मूळ पट्टीचा स्वर फारसा हलत नाही आणि जसजसं दूर जावं तसतशी चूक वाढत जाते. म्हणूनच एका स्वरावर ट्यून करून भागत नाही. वाद्यकार ज्याला ट्रॅकिंग म्हणतात ते हेच : खालपासून वरपर्यंत प्रत्येक सप्तक नेमकं सप्तकाएवढंच भरलं पाहिजे.

जुळ्या ट्रान्झिस्टरांची जोडी

पहिला उपाय जोडीचा. एकसारखे दोन ट्रान्झिस्टर अगदी अंगाला अंग लावून बसवायचे, म्हणजे एकाची चूक दुसरा खोडतो. अमेरिकेच्या एआरपी कंपनीने १९७०च्या सुमाराला एकाच कवचातले जुळे ट्रान्झिस्टर वापरले आणि तिची वाद्यं सुराला टिकणारी म्हणून गाजली. ही कंपनी आपली काही सर्किटं चक्क इपॉक्सीत गाडून टाकत असे, प्रतिस्पर्ध्यांनी नक्कल करू नये म्हणून.

तापमानाबरोबर प्रवाह आपोआप वाढतो, ते निम्मं दुखणं जोडीने जातं. उरलेलं, म्हणजे सप्तकाच्या मापाचं, अंशाला एक-तृतीयांश टक्क्याचं, घालवायला असा रेझिस्टर लागतो जो अंशागणिक तेवढाच वाढेल. नेमकं सांगायचं तर दशलक्षात सुमारे ३३०० भाग. असे खास रेझिस्टर महाग आणि दुर्मीळ.

पण ऊसपट्ट्यातल्या वाचकांसाठी इथे एक खुशखबर आहे. साखर कारखान्यात तापमान मोजायला प्लॅटिनमचे संवेदक असतात आणि तिथला कुठलाही इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक पीटी-१०० हे नाव झोपेतही सांगेल. त्याचाच थोरला भाऊ पीटी-१०००, शून्य अंशाला १००० ओहम भरणारा. २५ अंशाला तो सुमारे १०९७ ओहम होतो आणि पुढे अंशाला ३.८५ ओहमने वाढत राहतो. त्याच्या ओळीत ५० ओहमचा साधा रेझिस्टर टाका आणि गणित करून बघा. वाढीचा दर दशलक्षात जवळपास ३३५५ भाग येतो, म्हणजे ट्रान्झिस्टरला हवा तोच! हौशी वाद्यकार हा उपाय खरोखर वापरतात. उसाच्या रसाचं तापमान सांगणारी धातूची तार यमन सुरात ठेवू शकते.

मात्र हा रेझिस्टर ट्रान्झिस्टरच्या जोडीला चिकटलेलाच हवा. मध्ये बोटभर अंतर राहिलं तर दोघांचं तापमान वेगळं, आणि सगळी मेहनत वाया.

थंड करता येत नाही? मग तापवा!

फेअरचाइल्ड कंपनीच्या यूए-७२६ या चिपमध्ये ट्रान्झिस्टरच्या जोडीशेजारी एक इवलीशी शेगडीच कोरलेली होती. बाहेर ऊन असो वा थंडी, चिप आपली एका ठरलेल्या तापमानाला गरमच. मूग यांच्या मिनीमूग या वाद्याच्या नंतरच्या आवृत्तीत ती वापरली गेली. पाच ट्रान्झिस्टर असलेल्या साध्या चिपमध्येही हे जमतं : एक तापवतो, एक तापमान बघतो, दोघे सूर सांभाळतात.

या युक्तीची किंमत मात्र आपल्याकडे जास्त मोजावी लागते. शेगडी फक्त तापवू शकते, गार करू शकत नाही. म्हणून तिचं ठरलेलं तापमान बाहेरच्या कमाल तापमानापेक्षा बरंच वर हवं. मंडपात ४० अंश असेल तर वाद्याच्या बंद पेटीत ५० सहज होतात, म्हणजे चिपला ६५-७० अंशांवर ठेवणं आलं. वीज जास्त, भागांचं आयुष्य कमी, आणि वाद्य सुरू केल्यावर सूर स्थिरावण्याची वाट बघणं वेगळंच. थंड देशात बसून आखलेलं सर्किट जसंच्या तसं इथे आणलं तर ते चुकणारच.

एका मायक्रोसेकंदाचा हिशेब

उष्णतेवर मात केली तरी वरच्या सप्तकात सूर उतरतोच. कारण वेगळं आहे. बहुतेक ऑसिलेटरमध्ये एक कपॅसिटर हौदासारखा भरत जातो, काठाला लागला की बूच निघतं, क्षणात रिकामा होतो आणि पुन्हा भरू लागतो. त्यातून करवतीच्या दात्यांसारखी लाट निघते. रिकामं व्हायला समजा एक मायक्रोसेकंद लागतो. १०० हर्ट्झच्या खर्जात एक फेरी १०,००० मायक्रोसेकंदांची, तिथे एकाने काय बिघडणार? पण ५००० हर्ट्झला फेरी अवघी २०० मायक्रोसेकंदांची. तिथे तोच एक मायक्रोसेकंद अर्धा टक्का, म्हणजे साडेआठ सेंट खातो.

त्यावरचा उपाय इतका स्वस्त आहे की पहिल्यांदा समजल्यावर हसूच फुटतं. कपॅसिटरच्या ओळीत एकच लहान रेझिस्टर. सूर जितका उंच तितका प्रवाह मोठा, रेझिस्टरवरचा व्होल्टही तितकाच मोठा, त्यामुळे लाट काठाला तितकी आधी पोचते आणि वाया गेलेला वेळ भरून निघतो. सेर्जियो फ्रँको यांच्या नावाने ही भरपाई ओळखली जाते. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मायक्रोसेकंदाची गळती असेल तर १००० ओहमचा रेझिस्टर. संपलं काम.

वरच्या टोकाला आणखी एक चोर असतो. ट्रान्झिस्टरच्या आत स्वतःचे म्हणून काही ओहम असतात. प्रवाह वाढला की त्यांच्यावर मिलिव्होल्टचा दहावा भाग गळतो. दहावाच भाग, पण १८ मिलिव्होल्टचं सप्तक असताना तेवढ्यातही पावणेसात सेंट जातात.

करवतीऐवजी त्रिकोणी लाटेचा ऑसिलेटर केला तर हौद एकदम रिकामा करावाच लागत नाही, चढ आणि उतार दोन्ही सावकाश. वरच्या सप्तकात तो चांगला टिकतो. पण त्यातून करवती लाट काढायला गेलं की मधोमध ओरखडा राहतो, आणि दुसऱ्या ऑसिलेटरच्या तालावर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावणं कठीण जातं. ज्याला जे हवं त्याने ते निवडावं.

जपानी वाट

कॉर्गचा एमएस-२० (१९७८) आणि यामाहाची काही वाद्यं यांनी ट्रान्झिस्टरच्या त्या लहरी गुणाकाराला ऑसिलेटरपासून दूरच ठेवलं. त्यांचा नियम : व्होल्ट दुप्पट, सूर एक सप्तक वर. एक, दोन, चार, आठ व्होल्ट. ऑसिलेटर सरळ रेषेत चालतो, त्यामुळे ट्रॅकिंग सोपं.

पण मग खालची सप्तकं मुठीएवढ्या जागेत दाटीवाटीने बसतात. आठ व्होल्टच्या स्वरात ५ मिलिव्होल्टची चूक झाली तर एक सेंट, कुणाला कळणार नाही. पाव व्होल्टच्या खर्जात तीच चूक ३४ सेंट, दीड श्रुतीहून जास्त. ज्या संगीतात मंद्र सप्तकात आलाप सुरू होतो, त्याला ही वाट मानवणारी नाही. जाता जाता : अमेरिकेच्याच डॉन बुकला यांनी सप्तकाला १.२ व्होल्ट घेतले, म्हणजे पट्टीला बरोबर ०.१ व्होल्ट. हिशेबाला किती सोपं! तरी जग मूगच्या मागे गेलं.

मुंबईत घडलेला चमत्कार

हिंदी चित्रपटसंगीतात मिनीमूग आणणाऱ्यांमध्ये केरसी लॉर्ड हे आघाडीचं नाव. त्याच मुंबईत ध्वनिमुद्रणांत साथ करणाऱ्या वादकांपैकी एक असलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली तीन रोलँड यंत्रं एकत्र जोडली : ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ध्वनिमुद्रिका निघाली आणि विस्मरणात गेली. २०१० साली ती पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा पाश्चात्त्य रसिक चक्रावून गेले. ज्या ॲसिड हाऊस या नृत्यसंगीताचा जन्म शिकागोत १९८७च्या सुमाराला झाला असं ते मानत होते, त्याचा नाद पाच वर्षं आधी मुंबईत घुमला होता.

टीबी-३०३ मुळात गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं साधं यंत्र. त्यात एकच ऑसिलेटर, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय. विजेच्या भाषेत तो एक कपॅसिटर सावकाश भरतोय इतकंच, पण आपल्या कानाला तिथे मींड ऐकू येते. पाश्चात्त्यांना त्या घसरणीचं काय करायचं ते कळायला वेळ लागला. रागदारी कानात मुरलेल्या माणसाला ते लगेच कळलं, यात मला नवल वाटत नाही.

ज्युपिटर-८ मध्ये आठ आवाज, प्रत्येकी दोन, म्हणजे सोळा ऑसिलेटर. सोळाही एकाच सुरात राहावेत म्हणून आत एक संगणक बसवलेला, बटण दाबलं की तो सगळ्यांना मोजून जुळवतो. ही युक्ती १९७८च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरने लोकप्रिय केली होती. त्याआधीच्या यामाहाच्या सीएस-८० ची कथा उलटी. साधारण १०० किलो वजन, नाद असा की व्हँगेलिसने त्यावर ‘ब्लेड रनर’चं संगीत केलं, आणि सूर लावणं हे तंत्रज्ञाचं दिवसभराचं काम.

शेवटी १९८२ च्या रोलँड जुनो-६ ने वादच मिटवला. लाट ॲनालॉगच, पण हौदाचं बूच कधी काढायचं ते डिजिटल घड्याळ ठरवणार. सूर हलण्याचा प्रश्न संपला. चूक मात्र नाहीशी झाली नाही, तिने जागा बदलली : हौद वेळेआधी रिकामा झाला तर लाटेची उंची कमी भरते. बेसूरपणाऐवजी आवाज लहानमोठा होऊ लागला, आणि कान तो सहज माफ करतो.

बँजो पार्टीतला कीबोर्ड का ढळत नाही

आपल्याकडच्या वराती आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा कीबोर्ड उन्हात तापला तरी सुराला ढळत नाही, कारण त्याच्या आत क्वार्ट्झचा स्फटिक आहे. मनगटी घड्याळातही तोच. घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात. म्हणजे घड्याळाचा एक-एक सेकंदाचा ठोका हा त्या स्फटिकाच्या सुराचा पंधरा सप्तकं खालचा खर्जच आहे!

सत्तरच्या दशकातल्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनमध्ये अशीच एक चिप असे. सुमारे २० लाख हर्ट्झचा एक सूर घ्यायचा, त्याला २३९ पासून ४७८ पर्यंतच्या ठरावीक पूर्णांकांनी भागायचं, वरच्या सप्तकाचे सगळे स्वर तयार. खालची सप्तकं निम्मं-निम्मं करत मिळवायची.

पण ठरलेल्या बारा पट्ट्यांची ही पक्की चौकट आपल्या गाण्याला अडते, ते दुखणं जुनं आहे. कीबोर्डचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर, तंबोऱ्यातून उमटणारा ३८६ वर. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुती-हार्मोनियम घडवून घेतली. आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दारच बंद केलं होतं. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम बनवली.

व्होल्टवर चालणाऱ्या ऑसिलेटरला मात्र पट्ट्या ठाऊकच नाहीत. सप्तकाला एक व्होल्ट या मूगच्या हिशेबात (ट्रान्झिस्टरच्या बेसवर नव्हे) १८ मिलिव्होल्ट जास्त द्या, सूर एका प्रमाणश्रुतीने चढेल. ९ द्या, अर्ध्या श्रुतीने. म्हणून माझं मत ठाम आहे : बारा पट्ट्यांच्या कीबोर्डपेक्षा हा हळवा ऑसिलेटर आपल्या संगीताला जवळचा आहे. फक्त तो आपल्या हवेसाठी घडवायला हवा.

तंबोरा ऐकून गोंधळणारं यंत्र

एमएस-२० मध्ये उलटा प्रवासही होता. त्यात गाता येतं, गिटार लावता येते; यंत्र सूर ओळखून व्होल्ट बनवतं आणि ऑसिलेटर तुमच्या मागे गाऊ लागतो. त्याला तंबोरा ऐकवला तर त्याची फजिती ठरलेली. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच तंबोऱ्याच्या रुंद घोडीचं आणि जिवारीच्या धाग्याचं शास्त्र उलगडलं होतं. जिवारीमुळे वरचे स्वरांश इतके तेजाळतात की मूळ सूर त्यांच्यापुढे क्षीण पडतो, आणि यंत्र सप्तकभर वरच उडी मारतं. मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, इंदापूरला वळसा घालून जाणाऱ्या भीमेच्याच काठचे. त्या भोपळ्याने जपानी सर्किटला दिलेलं आव्हान अजून पूर्ण सुटलेलं नाही.

आता करून बघा

बारामतीला विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इंदापूरजवळ वनगळीला एस. बी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलामुलींनो, डग कर्टिस यांच्या सीईएम-३३४० या गाजलेल्या ऑसिलेटर चिपच्या नकला आज नव्याने बनतात. ती नको असेल तर जुळे ट्रान्झिस्टर, एक पीटी-१०००, पॉलिस्टायरीनचा कपॅसिटर आणि मल्टीमीटर घेऊन बसा. कपॅसिटर सोल्डर करताना मात्र जपा, तो उष्णतेने वितळतो. मे महिन्यात पाचही सप्तकं मोजून नोंद करा, जानेवारीतल्या पहाटे पुन्हा मोजा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. आपल्या उन्हाला टिकणाऱ्या ऑसिलेटरचा आराखडा त्या दोन तक्त्यांतूनच निघेल. आणि एक पथ्य पाळा : वाद्य सुरू केल्यावर निदान अर्धा तास तसंच राहू द्या, मगच सूर जुळवण्याच्या ट्रिमरला हात लावा.